बसऱ्याच्या फोटोतले तिघे

माझ्या वडिलांना मी कधी पाहिलं नाही. ते पलटणीतून महिनाभराच्या रजेवर आले, परत गेले, आणि मी जन्मले तेव्हा ते बोटीनं बसऱ्याला पोचलेही होते. तिथंच ते तापानं वारले. आमच्या गावात त्या लढाईला 'जर्मनची लढाई' म्हणत, पण वडिलांनी एकतरी जर्मन माणूस पाहिला होता की नाही, कोण जाणे.

त्यांच्या मागं घरी दोन वस्तू आल्या. एक सरकारी बिल्ला आणि दुसरा एक फोटो.

आमचं गाव वेल्ह्याकडं, तोरण्याच्या पायथ्याला. त्या वेळी अख्ख्या गावात फोटो असा तो एकच होता. सोप्यातल्या भिंतीवर, बसलेल्या माणसालाही दिसेल अशा बेतानं तो टांगलेला असे. तीन शिपाई शेजारी शेजारी उभे. मागं पडद्यावर रंगवलेली बाग, बागेत कारंजं. तिघांच्या डोक्याला पागोटी, पायांत बूट आणि पोटरीला गुडघ्यापर्यंत गुंडाळलेल्या पट्ट्या. डावीकडचा किडकिडीत, भल्यामोठ्या कानांचा, ओठावर दाट मिशी. मधला उंच, छाती काढून उभा, एका हातात छडी, दुसऱ्या मनगटावर घड्याळ, आणि डाव्या भुवईत एक खाच. उजवीकडच्याचा चेहरा मात्र विसकटलेला, हललेल्या पाण्यात दिसावा तसा. नाक कुठं संपतं आणि मिशी कुठं सुरू होते ते कळत नसे.

मधले माझे वडील. हे माझ्या आजीनं ठरवलं होतं. फोटो घरी आला तेव्हा आजीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. तिनं फोटोच्या काचेवरून हात फिरवला आणि विचारलं, "किती जन हाईत?"

"तीन," कोणीतरी सांगितलं.

"मग मधला माजा," आजी म्हणाली. "त्यो कडंला उभा ऱ्हानारातला न्हवं."

लेक गमावलेल्या बाईला उलटून कोण बोलणार? चुलता तेव्हा पाच वर्षांचा होता. शेजारीपाजारी म्हणाले, व्हय व्हय, त्योच. गेला तेव्हा मिसरूडही फुटलं नव्हतं, आता पलटणीत जाऊन बाप्या झाला म्हणून वेगळा दिसतोय, इतकंच. त्यावर शिक्कामोर्तब झालं.

मी लहानाची मोठी झाले ती त्या मधल्या माणसाच्या पाया पडत. पाटीवर पहिलं अक्षर काढलं ते त्याला दाखवलं. दसऱ्याला आई झेंडूचा हार असा घालायची की मधलं टपोरं फूल नेमकं त्याच्या डोक्याशी यावं. एकदा तर आरशासमोर बसून मी रडले होते, वडिलांच्या भुवईसारखी खाच माझ्या भुवईत का नाही म्हणून. आईनं तेव्हा जवळ घेऊन माझ्या डोक्यावरून हात फिरवला, पण बोलली काही नाही. ती का बोलली नाही, ते मला फार उशिरा कळलं.

शिपायाची मुलगी म्हणून मला भोरला शाळेत घेतलं, मी शिकले आणि तिथंच मुलींच्या शाळेत मास्तरीण झाले. माझ्या वयाच्या गावातल्या मुलींना दोन दोन पोरं झाली होती आणि मी भोरात एका खोलीत राहून दुसऱ्यांच्या पोरींना पाढे शिकवत होते. तोवर दुसरी लढाई सुरू झाली होती. पेट्रोल मिळेनासं झालं आणि मोटारी कोळशाच्या गॅसवर चालू लागल्या.

त्या वर्षी पावसानं भिंतीला ओल आली आणि फोटोच्या काचेआड पांढरी बुरशी धरली. दिवाळीच्या सुट्टीला आई भोरला आली ती फोटो जुन्या लुगड्यात गुंडाळून, पोटाशी धरून. आम्ही दोघी बाजारात तसबिरी मढवणाऱ्याकडं गेलो. त्यानं फोटो उजेडाकडं धरला.

"बाई, ह्या तिघांत तुमचं कोण?"

"मधले. माझे वडील."

"मग असं करतो, पुठ्ठा असा कापतो की तेवढेच उठून दिसतील. कडेचे दोघं जरा झाकले गेले तर चालेल ना?"

मी हो म्हणणार तेवढ्यात आई एकदम पुढं आली. "न्हाई! कुनालाच झाकू नगा."

मढवणारा दचकला. मीही. आई दुकानाच्या पायऱ्या उतरून झपाझप चालायलाच लागली. मी तिला नीरेच्या घाटावर गाठलं. ती पायरीवर बसली होती आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"आई, झालं काय?"

"मला म्हाईत न्हाई," ती म्हणाली.

"काय माहीत नाही?"

"त्यातला कोन तुजा बा, त्ये मला म्हाईत न्हाई."

मी तिच्याशेजारी बसले. ती पाण्याकडं बघत बोलत राहिली. दहाव्या वर्षी लग्न झालं, तेराव्या वर्षी ती सासरी नांदायला आली. त्याच साली ते भरती झाले. मधे ती एक रजा. घरात बारा माणसं. दिवसा नवऱ्यासमोर उभं राहायचं नाही, मान वर करायची नाही, आणि अंधार पडल्यावर दिव्याला तेल नाही.

"पाय म्हाईत हाईत," आई म्हणाली. "मान खाली असली म्हंजी पायच दिसत्यात. नुसतं पाय दाव, आत्ता वळकते. पन फोटूत मेल्यांनी बूट घातल्यात!"

मला हसू आवरेना. हसावं की रडावं हे कळायच्या आत मी हसत सुटले होते. आईनं माझ्याकडं रागानं पाहिलं, मग तिचेही ओठ थरथरले आणि तीही पदर तोंडाला लावून हसायला लागली. खालच्या पायरीवर कपडे धुणाऱ्या बाया आमच्याकडं बघत राहिल्या.

"आजीला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? बाईला आपला नवरा वळकंना, असं? त्या मधला म्हनाल्या, म्या फूल ठिवलं. चोवीस वर्सं ठिवतीया."

दुसऱ्या दिवशी मी एकटीच दुकानात गेले. मढवणाऱ्यानं जुनी चौकट सोडवली होती आणि तो माझी वाटच बघत होता. "बाई, मागं कायतरी लिहिलंय बघा." फोटोच्या पाठीवर पिवळ्या पडलेल्या कागदावर शाईच्या पाच-सहा ओळी होत्या, मोडीत. आजवर त्या चौकटीच्या फळीआड दडून राहिल्या होत्या. मला मोडी जेमतेम येई, त्यात हे अक्षर म्हणजे घाईत लिहिलेलं. आमच्या शाळेमागं संस्थानच्या दफ्तरातले एक म्हातारे कारकून राहत. जन्मभर त्यांनी मोडीच वाचली होती. त्यांनी भिंग काढलं, दोनदा पुसलं आणि घडाघडा वाचून दाखवलं. 'मुक्काम बसरा. तिघे दोस्त.' आणि खाली तीन नावं, गावांसकट. एक माझ्या वडिलांचं, आमच्या गावाचं. एक सारोळ्याचं. एक हिर्डोशीचं.

"पण कोण कुठला ते?" मी विचारलं.

म्हाताऱ्यांनी फोटो पालथा केला, सुलटा केला, पुन्हा पालथा केला. "नावं लिहिलीत एकाखाली एक, आणि हे उभे शेजारी शेजारी. लिहिणाऱ्यानं चिमूटभर डोकं लावलं असतं तर काही बिघडलं नसतं."

मी म्हटलं, दोन्ही गावांना पत्र टाकू. आईनं साफ उडवून लावलं. "कागद नगं. तोंडं बगून यायचं. उद्याच्याला सारोळं."

सकाळच्या मोटारीनं निघालो. क्लीनरनं मागच्या कोळशाच्या भट्टीचा पंखा फिरवून फिरवून घाम गाळला, तेव्हा कुठं मोटार खोकत हलली. चढ आला की उतारूंनी उतरायचं आणि वर गेल्यावर पुन्हा बसायचं. आईला त्याचं काही वाटलं नाही. एका चढावर ती मोटारीच्या आधी वर पोचली आणि वर उभी राहून ड्रायव्हरला म्हणाली, "या सावकाश."

कापूरव्होळला मोठ्या रस्त्याला लागलो आणि दुपारी सारोळ्यात उतरलो. नीरेच्या पुलाअलीकडच्या चहाच्या दुकानात मी नाव सांगितलं. "लढाईवरनं आल्यालं त्येच न्हवं? त्ये गेलं की सा वर्सांमागं. मालकीन हाय घरात," दुकानदार म्हणाला आणि त्यानं घर दाखवलं.

अंगणात भुईमुगाच्या वेलांचा ढीग होता आणि त्याला टेकून एक जाडजूड बाई शेंगा तोडत होती. आम्ही कोण, कुठल्या, का आलो, हे मी सांगेपर्यंत तिनं हातही थांबवले नाहीत. फोटो म्हटल्यावर मात्र ती उठली, हात धुतले, पदराला पुसले आणि फोटो घेतला. क्षणभरसुद्धा लागला नाही.

"ह्ये कान!" ती ओरडलीच. "आगं बया, ह्ये कान! ह्ये आमचं. ही मिशी बग, चिकटवल्यावानी. घरी आलं तवा काडून टाकली हुती."

डावीकडचा, मोठ्या कानांचा. तो लढाईवरून धडधाकट परत आला होता, दोन मुलं झाली, शेती केली, म्हातारपण यायच्या आधी गेला. पण त्याचा फोटो तिच्या घरात नव्हता. गेल्या सहा वर्षांत चेहरा पुसट होत चाललाय, असं तिला वाटत होतं. हे बोलता बोलता ती फोटो घेऊन अंगणाबाहेर पडली. "आवं, बगा तरी, आमचं मालक आल्यात!" असं दारोदार सांगत ती आळीत शिरली. आमच्या एकुलत्या एका फोटोमागं आम्ही दोघी धावतोय आणि अख्खी आळी आमच्यामागं.

परत आल्यावर तिनं आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. वाटेसाठी ओच्यात शेंगा ओतल्या. हिर्डोशीच्या दोस्ताचं नाव तिनं ऐकलं होतं, पण माणूस कधी पाहिला नव्हता. "जायचं जायचं म्हनायचं नुसतं. लई लांब हाय म्हनं. हाय का गेलं, द्येवाला ठावं."

परतीच्या मोटारीत आई शेंगा फोडत म्हणाली, "एक सुटला. आता मधला, न्हाईतर हलल्याला."

"आणि हललेला निघाला तर?"

"तर काय? फुलं जरा सरकवायची."

हिर्डोशीला मोटार नव्हती. एक दिवस सोडून आम्ही पहाटेच निघालो, अर्धी वाट एका ओळखीच्या बैलगाडीत आणि उरलेली पायी. वरंध्याकडं जाणारी ती वाट नीरेच्या काठानं वर वर जाते. खाचरांत भातकापणी चालली होती, वरच्या उतारांवर नाचणी लाल झाली होती. वाटेत भेटणारा प्रत्येक माणूस विचारायचा, "कुठं निगाला?" आणि आई प्रत्येकाला सगळी कथा सांगायची. जी गोष्ट तिनं चोवीस वर्षं कोणालाही सांगितली नव्हती, ती ती आता गवताचा भारा डोक्यावर घेतलेल्या अनोळखी बायांना थांबवून सांगत होती. मला अंग चोरल्यासारखं होई, पण तिची चाल अशी हलकी झालेली मी कधी पाहिली नव्हती.

हिर्डोशीत पलटणवाल्याचं घर विचारलं. गावाच्या वरच्या अंगाला, खळ्यावर बघा, असं सांगितलं. आम्ही चढून गेलो. खळ्यात एक उंच माणूस पाठमोरा उभा राहून भात झोडत होता. पेंढी डोक्यावर उचलायची आणि फळीवर आपटायची. आमची चाहूल लागली तसा तो वळला.

डाव्या भुवईत खाच होती.

केस पांढरे झालेले, गाल बसलेले, पण तोच. मधला. आईनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी पिचली. तिनं पदर पुढं ओढला. आणि खरं सांगायचं तर त्या घटकेला मीही तेच मानलं जे ती मानत होती. वडील जिवंत आहेत. इथं, आमच्या गावापासून दोन दिवसांच्या वाटेवर, भात झोडत. मला आनंद झाला की संताप आला, ते मला आजही सांगता येणार नाही.

"कोन पावनं?" तो म्हणाला. "कुठनं आलासा?"

मी कसंबसं वडिलांचं नाव सांगितलं आणि गाव सांगितलं. त्याच्या हातातली पेंढी गळून पडली. तो माझ्याकडं बघत राहिला, मग आईकडं.

"त्याची तू पोरगी? आनि ह्या… वैनी?"

तो पुढं आला आणि आईच्या पायाशी वाकला. त्या एका 'वैनी'नं सगळं जागच्या जागी आलं. आई तिथंच, भाताच्या ढिगाजवळ, खाली बसली आणि रडली. मोठ्यानं, लाज न बाळगता. तो माणूस गोंधळून जवळ उकिडवा बसला, माझ्याकडं बघायला लागला. रडता रडता आईच्या खांद्यांची हालचाल बदलली आणि मला कळलं, ती हसतेय.

"भावजी," ती पदरातून म्हणाली, "चोवीस वर्सं म्या तुमाला हार घालतीया वो!"

त्याला काही उमगेना. मी फोटो काढून दाखवला आणि आजीपासून सगळं सांगितलं. तो ऐकत गेला तसं त्याचं तोंड उघडत गेलं. "मला? जित्या मानसाला? दसऱ्याला बी?"

"दसऱ्याला, दिवाळीला, आणि माझ्या परीक्षेच्या दिवशी वेगळा," मी म्हटलं.

त्याची बायको पाण्याचा तांब्या घेऊन आली होती. ती दारातच थबकून ऐकत होती. ती म्हणाली, "तरीच! म्या म्हनते, सगळं गाव तापानं फणफणतं आनि ह्या मानसाला सादं पडसं बी कसं हुत न्हाई!"

त्यावर आम्ही चौघंही असे हसलो की खालच्या खाचरातली माणसं विळे टाकून वर आली.

मग तो फोटो मांडीवर घेऊन बसला. छडी आणि घड्याळ ही दोन्ही फोटोवाल्याची होती. नग एकेकच, म्हणून तिघांनी चिठ्ठ्या टाकल्या आणि दोन्ही ह्यालाच लागल्या. बूट आपापले होते, पण सारोळ्यावाल्याचे ओले झाल्यामुळं त्यानं दुसऱ्याचे घातले होते आणि ते त्याला चावत होते. "आनि ह्यो," उजवीकडच्या विसकटलेल्या चेहऱ्यावर त्यानं हलकेच बोट ठेवलं, "ह्यो तुजा बा."

"मग हे असं का झालं?"

"फोटूवाल्यानं सांगितलं, हलायचं न्हाई, श्वास धरा. आमी धरला. त्यानं काळ्या फडक्यात मुंडी घातली. बाहीर येऊन झाकन काडलं, बोटं वर करून मोजाया लागला. एक झालं, दोन झालं, आनि तिसऱ्याला त्याला अशी शिंक आली म्हनून सांगू! डोईवरची टोपी उडून थेट कारंज्यावर. आमी दोगं दात आवळून उभं. तुज्या बाला कुठलं दम निगतंय? फुटला हसून. फोटूवाला लई भडकला, म्हनाला, दुसरी काच देनार न्हाई. तुजा बा म्हनला, ऱ्हाऊ द्या, ह्योच धाडू. घरी कळंल तरी आमी खुशीत हाय म्हनून."

आई त्या विसकटलेल्या चेहऱ्याकडं बराच वेळ बघत राहिली. आता माहीत झाल्यावर मलाही तिथं हसू दिसायला लागलं. उघडलेलं तोंड, मागं फेकलेली मान. आजवर मी त्या माणसाला बिघडलेला समजत होते.

"शेवटाला कोन हुतं त्येंच्याजवळ?" आईनं विचारलं.

"म्या हुतो वैनी. ताप चार दिस हुता. लई हाल न्हाई झालं. पोरगी झाल्याचा कागद त्याच्या आदीच आला हुता. त्या दिशी त्यानं सगळ्या बराकीत खजूर वाटला. बसऱ्यात गूळ कुठला मिळनार? कुनीतरी म्हनलं, पोरगी झाली तर वाटतुयास काय? तर म्हनला, माजी हाय, म्या वाटनार."

माझ्याच्यानं मान वर करवेना. बारशाच्या पेढ्यांचं गावात कोणी मला कधी सांगितलं नव्हतं, कारण ते वाटलेच नव्हते. बसऱ्यात मात्र खजूर वाटला होता.

आईचा पुढचा प्रश्न होता, "जेवत हुतं का नीट?"

तो हसला. "खरं सांगू वैनी? तुमच्या भाकरीची लई चेष्टा करायचा. म्हनायचा, आमची मालकीन भाकरी करते ती एका अंगाला कोळसा."

आई ताठ बसली. "आनि का करपायची, त्ये ठावं हुतं का त्यास्नी? रजंवर आलं तवा सोप्यात बसून समद्यास्नी पलटनीच्या गमती सांगायचं, आनि हसायचं. म्या चुलीपाशी. बगता तर येत न्हवतं. मग ऐकत बसायची. आनि तव्यावर भाकरी."

तिनं हे अगदी साधेपणानं सांगितलं. मग ती उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "दावा तुमची चूल कुठं हाय. आज म्या करते."

त्या दिवशी हिर्डोशीत तिनं नाचणीच्या भाकरी केल्या. दोन्ही अंगांनी नीट. तो माणूस प्रत्येक भाकरी उलटीपालटी करून बघायचा आणि खात्री पटल्यासारखी मान हलवायचा.

दोन दिवस त्यांनी आम्हाला ठेवून घेतलं. दोन दिवस आई विचारत होती आणि तो सांगत होता. बोटीत वडिलांना ओकाऱ्या झाल्या की नाही, त्यांना पोहता येत होतं का, त्यांनी कोणाशी भांडण केलं होतं का, झोपेत बोलायचे का. चोवीस वर्षांचे प्रश्न तिच्याकडं साठले होते आणि एकही ती विसरली नव्हती. काही गोष्टी त्याला आठवत नव्हत्या. तेव्हा तो सरळ 'ध्यानात न्हाई' म्हणायचा, आणि आई तेवढ्यावरही समाधान मानायची. निघताना तो आमच्याबरोबर कोसभर आला. पाय दुखत होते तरी आला.

भोरला आल्यावर मी फोटोवाल्याकडून त्या फोटोचे आणखी दोन फोटो काढून घेतले. एक हिर्डोशीला पाठवला. दुसरा सारोळ्याला आम्ही स्वतः घेऊन गेलो आणि येताना पुन्हा ओचाभर शेंगा आणल्या. आमचा मूळचा फोटो मढवणाऱ्यानं तिघांनाही न झाकता मढवला. दसऱ्याला हार आता तिघांनाही पुरेल एवढा लांब होतो. मधल्याच्या वाट्याचं फूल काढू का, असं मी एकदा विचारलं, तर आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे. त्येला मानवलंय."

पुढच्या वैशाखात माझं लग्न ठरलं. मांडव आमच्याच गावात पडला. सारोळ्याची बाई मोठ्या मुलाला घेऊन दोन दिवस आधीच आली आणि आल्या आल्या तिनं चुलीचा ताबा घेतला. हिर्डोशीहून ते दोघं नवराबायको तट्टावर तांदळाची गोणी टाकून डोंगराडोंगरानं चालत आले. चुलत्यानं कन्यादान करायचं असं आधीच ठरलं होतं, पण आयत्या वेळी चुलताच बाजूला झाला आणि त्यानं हिर्डोशीच्या पलटणवाल्यांना पुढं केलं. ते आधी नको नको म्हणाले. मग पागोटं नीट केलं आणि बसले. विधी चालू असताना भटजींनी त्यांना दोनदा हळू आवाजात टोकलं, कारण मागं बसलेल्या आईला ते बसऱ्याची कुठलीतरी आठवण सांगत होते.

पंगतीला नवऱ्यामुलाकडच्या एका मोठ्या माणसानं त्यांना विचारलं, "आपण मुलीचे कोण?"

ते घास घेता घेता थांबले. आई वाढत होती. तूप वाढता वाढता तिनंच परस्पर सांगून टाकलं, "आमच्या घरचंच हाईत. भात घ्या भावजी, लाजू नगा."